शिपाई, प्यून, असोसिएट

मी भाईंदरला राहते आणि मालाडच्या एका ऑफिसात परदेशी कंपन्यांची बिलं तपासते. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे जकार्ताच्या एका कंपनीचं काम आलं. बिलं इंग्रजीत असायची, पण त्यांना जोडलेले कागद इंडोनेशियन भाषेत. हळूहळू त्यातले काही शब्द ओळखीचे वाटायला लागले. ऑफिसला ‘कान्तोर’. डायरेक्टरला ‘दिरेक्तुर’. सेक्रेटरीला ‘सेक्रेतारिस’. कागदावर शिक्का मारणारा ‘नोतारिस’. बिलांमध्ये ड्रायव्हरचा खर्च लावलेला असायचा, त्याला ‘सोपिर’. हा शब्द म्हणजे आपला ‘शोफर’, डच तोंडातून तिकडे गेलेला. रेल्वेचं इंजिन चालवणारा ‘मासिनिस’ आणि तिकीट तपासणारा ‘कोन्देक्तुर’.

हे सगळे डच शब्द. डच तिथून गेले, १७ ऑगस्ट १९४५ला इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, पण कचेरीतली माणसं अजून डच नावांनीच खुर्चीत बसतात.

शेजारच्या मलेशियात भाषा जवळपास तीच, पण तिथे राज्य इंग्रजांचं. १८२४मध्ये इंग्रज आणि डचांनी तह करून तो सगळा मुलूख आपापसात वाटून घेतला, आणि एकाच भाषेतल्या हुद्द्यांची दोन गावं झाली. मलेशियात सेक्रेटरीला म्हणतात ‘सेतियाउसाहा’. हा शब्द मला आमच्या ऑफिसातल्या एकाने सांगितला तेव्हा मी दोनदा म्हणून पाहिला. सेतिया म्हणजे सत्य, उसाहा म्हणजे उत्साह. आपलेच दोन संस्कृत शब्द समुद्रापलीकडे जाऊन एकमेकांना चिकटले आणि त्यांचा सेक्रेटरी झाला. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीत या दोन्ही गोष्टी किती आहेत, हा वेगळा विषय. खजिनदाराला इंडोनेशियात ‘बेन्दाहारा’ म्हणतात, म्हणजे भांडार सांभाळणारा. मलायमध्ये कारकुनाला ‘केरानी’, तो गेला हिंदुस्थानातून. आणि ‘दफ्तार’ म्हणजे यादी, नोंदवही. आपल्याकडे तोच शब्द पोरांच्या पाठीवर बसला आणि दप्तर झाला. एरवी तो फक्त सरकारी कामाला उशीर झाला की आठवतो, ‘दप्तर दिरंगाई’ म्हणून.

आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ. वेंगुर्ल्यात डचांची वखार आहे. सतराव्या शतकात बांधलेली, आता नुसत्या भिंती उरल्यात, त्यातून झाडं वर आलीत. म्हणजे डच आपल्याकडेही होते. पण आमच्या गावात कोणी ऑफिसला कान्तोर म्हणत नाही. मला वाटतं, याचं कारण साधं आहे. वखारीत माल येतो आणि जातो. त्यातून आसपासच्या माणसाला हमाली मिळते, हुद्दा मिळत नाही. ज्याच्याकडे सारा भरायचा, ज्याच्या वहीत आपलं नाव लिहिलं जातं आणि महिनाअखेर जो पैसे मोजून हातावर ठेवतो, त्याची भाषा घरात येते.

याचा पुरावा मिरा-भाईंदरच्या लोकांना लांब शोधावा लागत नाही. १५३४च्या वसईच्या तहाने हा साष्टीचा भाग पोर्तुगीजांकडे गेला आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं, त्यांच्याकडेच राहिला. १७३९मध्ये वसईचा किल्लाही पडला आणि ते गेले. उत्तनची देवळं राहिली, घोडबंदरचा किल्ला राहिला, आणि एक शब्द असा राहिला की तो नसता तर महिन्याच्या एक तारखेला काय म्हणायचं हा प्रश्न पडला असता: पगार. पोर्तुगीजमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. मिस्त्री त्यांचा, आया त्यांची, पाद्री त्यांचा, लिलाव त्यांचा आणि तुरुंगही त्यांचाच. गोव्यात तर कोमुनिदादचा लेखनिक आजही ‘इश्क्रिव्हांव’.

मराठीत कचेरीच्या भाषेचे असे थरावर थर आहेत. सगळ्यात जाड थर फारसीचा. बहामनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, सगळ्यांचे हिशोब फारसी वळणाचे. ‘कारकून’ म्हणजे काम करणारा. ‘गुमास्ता’ म्हणजे नेमलेला. मिरा रोडच्या स्टेशनसमोर मोबाइलचं कव्हर विकायचं दुकान टाकायचं तरी नोंदणीच्या कागदाला आजही सगळे ‘गुमास्ता’च म्हणतात, मग कायद्याचं नाव कितीही लांब असो. आणि ‘नीस’ हा शेपटासारखा तुकडा म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, याद्यांचे बंद लिहिणारा फडणीस, फारसी लिहिणारा पारसनीस, कारखान्यांचे हिशोब लिहिणारा कारखानीस. एका काळातले डेस्क जॉब आज आडनावं झालेत. त्यातलं एक आडनाव मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरही पोचलं.

शिवाजी महाराजांना हे फारसी खटकलं. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांची नावं संस्कृत झाली. मुजुमदार अमात्य झाले, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत, सरनोबत सेनापती आणि पेशवे मुख्य प्रधान. रघुनाथपंडितांच्या नावावर असलेला ‘राज्यव्यवहारकोश’ याच कामासाठी तयार झाला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा, दहा वर्गांत लावलेला. आणि पुढे काय झालं? शिक्क्यावर ‘मुख्य प्रधान’ राहिलं आणि लोकांच्या तोंडी पेशवे. तीनशे वर्षांनी तोच खेळ पुन्हा झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६०मध्येच भाषा संचालनालय सुरू झालं आणि १९६२ला त्यांचा ‘पदनाम कोश’ आला. आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून झोडपलं. पण त्यातले कितीतरी शब्द आता पाट्यांवर मुरलेत. आमच्या महापालिकेत गेलात तर दारांवर आयुक्त, उपायुक्त, नगररचनाकार, लेखापरीक्षक, लिपिक. दाराबाहेरच्या बाकड्यावर बसलेली माणसं मात्र एकमेकांना विचारतात, ‘कमिशनर साहेब आले काय?’ पाटीची भाषा आणि बाकड्याची भाषा शिवकाळापासून वेगळी आहे.

२०२५च्या जुलैमध्ये मिरा रोडला मराठीवरून आधी व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, मग मराठी माणसांचा. त्या आठवड्यात माझ्या फोनवर शुद्ध मराठी शब्दांच्या याद्या फिरत होत्या. हा शब्द परका, तो वापरू नका, त्याऐवजी हा वापरा. मला त्या याद्यांचा राग आला नाही. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी घडवला आणि तो मेयरपेक्षा कानाला बरा लागतो, हे मलाही पटतं. पण यादी वाचताना मी सारखी एकच गोष्ट शोधत होते: खालच्या पदांची नावं. ती कोणत्याच यादीत नव्हती. शब्द आयुक्तांसाठी बनतात, महापौरांसाठी बनतात. खालच्या माणसाला वरच्यांनी वापरून टाकलेले शब्द मिळतात.

हे मी उगाच म्हणत नाही. हवालदार घ्या. शिवकाळात किल्ल्याच्या चाव्या ज्याच्याकडे असायच्या, तो गडाचा मुख्य अधिकारी म्हणजे हवालदार. आज तो चौकात शिट्टी वाजवतो. मुकादम म्हणजे अरबीत पुढे उभा केलेला, एकेकाळी गावचा प्रमुख. आज पहाटे साडेपाचला सफाई कामगारांची हजेरी घेतो तो मुकादम. कोतवाल दिल्लीत अख्ख्या शहराचा पोलीसप्रमुख होता. आपल्याकडे तो तलाठ्याच्या हाताखाली दवंडी पिटत फिरला. नवा राज्यकर्ता आला की वरच्या खुर्चीला त्याच्या भाषेतलं नाव मिळतं. आधीचं नाव एक पायरी खाली सरकतं, मग अजून एक. एखाद्या हुद्द्याचं नाव कोणत्या भाषेत आहे हे पाहिलं की तो माणूस कितव्या पायरीवर बसतो याचा अंदाज येतो.

सगळ्यात तळाशी शिपाई आहे. माझे बाबा शिपाई होते.

शिपाई म्हणजे फारसीत सैनिक, ‘सिपाह’ म्हणजे सैन्य. १८५७चं शिपायांचं बंड याच शब्दाचं. साहेबाच्या दाराशी उभं राहायला पलटणीतला माणूस आला, पलटण गेली आणि दार राहिलं. त्याच माणसाला इंग्रजीत ‘प्यून’ म्हणतात. हा शब्द इंग्रजांनी पोर्तुगीजांकडून उचलला. ‘पिआंव’ म्हणजे पायी चालणारा शिपाई, आणि बुद्धिबळातलं प्यादंही. आपलं प्यादं फारसीतून आलं, त्याचाही अर्थ पायदळातला माणूस. म्हणजे दोन वेगळ्या भाषांतून, दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द शेवटी एकाच स्टुलावर येऊन बसले. पट्टा बांधतो म्हणून पट्टेवाला, पितळी चपरास लावतो म्हणून चपराशी. एका माणसाला चार नावं, आणि चारही त्याच्या अंगावरच्या वस्तूंची नाही तर जुन्या लढायांची. तो रोज काय काम करतो, हे एकातही नाही.

बाबा १९८९मध्ये फोर्टच्या एका खाजगी कंपनीत लागले. काम म्हणजे फायली वर-खाली करायच्या, बँकेत स्लिपा भरायच्या, साहेबांचा डबा गरम करायचा, टपाल वाटायचं, आणि नवा माणूस आला की कोणतं कपाट कोणत्या किल्लीने उघडतं ते शिकवायचं. भाईंदरहून सकाळी ७.४०ची लोकल. वीस वर्षांत ते ऑफिसात पोचले नाहीत असं दोनदाच झालं. एकदा माझ्या जन्माच्या वेळी, एकदा २६ जुलै २००५ नंतरच्या दिवशी.

२००९मध्ये त्यांना एक पत्र मिळालं. पत्र इंग्रजीत होतं. एचआरच्या माणसाने तोंडी सांगितलं, ‘अभिनंदन, आता तुम्ही प्यून नाही. ऑफिस सपोर्ट असोसिएट.’ बाबा घरी पेढे घेऊन आले. आईने पेढा देवासमोर ठेवला. शेजारच्या काकूंना सांगताना आईला तो शब्द नीट उच्चारता येईना, तर बाबा दारातून म्हणाले, ‘असोसिएट गो, असोसिएट.’

पत्राच्या दुसऱ्या पानावर असं होतं की बाबांनी कंपनीचा राजीनामा दिला आहे आणि उद्यापासून ते एका कंत्राटदाराचे कर्मचारी आहेत. स्टूल तेच, कपाटं तीच, साहेब तेच. पगार देणारा बदलला.

तेव्हा ग्रॅच्युइटीचा कायदा होता १९७२चा. सलग पाच वर्षं एका मालकाकडे काम केलं की सोडताना प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळायचा. महिन्याचे सव्वीस दिवस धरायचे. २००९मध्ये बाबांचा मूळ पगार ५,२०० रुपये होता. त्याला २६ने भागा, १५ने गुणा: वर्षाला ३,००० रुपये. वीस वर्षांचे ६०,००० त्यांना मिळाले. नियमाप्रमाणे, वेळेवर. त्यात आमचं स्वयंपाकघर झालं.

पुढची बारा वर्षं कंत्राट दर तीन वर्षांनी बदललं. तोच सुपरवायझर, तोच निळा शर्ट, खिशावरचं नाव तेवढं नवं. चार कंत्राटदार झाले आणि एकाकडेही पाच वर्षं भरली नाहीत. २०२१मध्ये बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसले तेव्हा मूळ पगार १३,००० होता आणि त्या बारा वर्षांची ग्रॅच्युइटी शून्य. शिपाई म्हणूनच कंपनीत राहिले असते तर बत्तीस वर्षांचे शेवटच्या पगारावर मोजून २,४०,००० रुपये झाले असते. असोसिएट होण्याची किंमत १,८०,००० रुपये. हा हिशोब मी केला, कारण मी बिलंच तपासते. बाबांना दाखवला तेव्हा त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून पाकिटात ठेवला आणि विचारलं, ‘ह्या सव्वीस कशाक धरतत?’

आईची गोष्ट याच्या उलट आहे, म्हणून सांगते. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. शब्दाकडे बघा. ‘मदत’ आणि ‘नीस’. लिहिणाऱ्याचा तो फारसी तुकडा, जो चिटणीसांच्या आणि फडणीसांच्या नावात रुबाबाने बसला, तो फिरत फिरत अशा बाईच्या पदाला येऊन लागला जी दिवसभर लिहीत नाही. ती खिचडी वाढते, पोरांना घरून आणते, नाकं पुसते, वजनकाटा टांगते. लिहायचं काम सेविकेकडे.

पण आईच्या बाबतीत खरी गंमत पदनामात नाही, पैशाच्या नावात आहे. तिला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. १९७५मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून सेविका आणि मदतनीस या ‘मानसेवी’. मान म्हणजे सन्मान, त्याचं धन. इतका सुंदर संस्कृत शब्द की त्यापुढे पोर्तुगीज पगार अगदी बाजारू वाटावा. पण पगार म्हटला की मागोमाग मालक येतो, नोकर येतो, कायदा येतो. मानधन म्हटलं की नुसता मान येतो. आई चुकूनही ‘माझा पगार झाला’ म्हणत नाही. ‘मानधन आलं’ म्हणते. ते उशिरा आलं तर चिडायलाही तिला अवघड वाटतं, कारण मानावर कोण चिडतं?

एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयात गुजरातच्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांच्या प्रकरणाचा निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं की या बायकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. त्यांना मिळतं त्याला मानधन म्हणा की आणखी काही, कामाच्या बदल्यात मिळणारा तो मोबदला कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे. मी ती बातमी आईला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘म्हणजे तो पगारच होता.’ मग थोड्या वेळाने, स्वतःशीच: ‘मग इतकी वर्षं नाव कशाला बदललंन?’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आता आहे असं मला वाटतं. नाव बदलायला पैसे लागत नाहीत. अष्टप्रधानांची नावं बदलली तेव्हा त्यामागे एका राज्याचा स्वाभिमान होता. सचिव झालेल्या माणसाचं काम आणि अधिकार तेच राहिले, भाषा स्वतःची झाली. त्याला मी नाव बदलणं म्हणते. बाबांचं जे झालं त्यात नाव चढलं आणि नावाखालची जमीन काढून घेतली. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले, कोतवाल महसूल सेवक. चांगलं झालं, ‘कोतवाल’ ऐकून कोणी हसणार नाही. पण त्या माणसाच्या पगारपत्रकावर काय बदललं, हा प्रश्न विचारल्याशिवाय पेढे वाटू नयेत.

आमच्या मजल्यावरचा एक मुलगा बारावीनंतर जेवणाचे डबे पोचवतो, मोबाइलवर ऑर्डर घेऊन. रात्री साडेअकराला बाइकला टेकून हिशोब करत बसतो. त्याच्या हुद्द्याचं नाव आहे ‘पार्टनर’. फारसी नाही, पोर्तुगीज नाही, डच नाही, आणि शिपायासारखं खाली सरकलेलंही नाही. चक्क भागीदार. म्हणजे ज्याच्या सहीशिवाय धंद्यात काही होत नाही, असा माणूस. मी त्याला विचारलं, तुझा नफ्यात वाटा किती? तो हसला. पेट्रोल त्याचं, गाडी त्याची, पडला तर हाडंही त्याची. एका किलोमीटरला किती द्यायचे ते मात्र समोरून ठरतं. भागीदाराला किमान वेतन नसतं, सुटी नसते, ग्रॅच्युइटी नसते, कारण भागीदार नोकर नसतो. शिपाई आणि प्यून या शब्दांत अपमान असेल, पण त्यांच्या पाठीशी एक मालक होता, आणि मालक आहे म्हटलं की कोर्टात जाता येतं. ‘पार्टनर’ हा त्या सगळ्या शब्दांतला सर्वांत मानाचा आणि सर्वांत महागात पडणारा शब्द आहे. आपण तो शब्द रोज दाराशी उच्चारतो. राजस्थानने २०२३मध्ये अशा कामगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात त्यांना ‘गिग कामगार’ म्हटलंय. गिग हा शब्द मला आवडत नाही. कामगार आवडला.

आता बिल्डिंगमध्ये कोणाला नोकरीचं पत्र आलं की ते माझ्याकडे येतं. ताईला इंग्रजी कळतं, ताई वाचून देते. मागच्या महिन्यात एकीचं आलं: ‘गेस्ट डिलाइट एक्झिक्युटिव्ह’. मिरा रोडच्या एका मॉलमध्ये. तिच्या आईने विचारलं, ‘चांगली पोस्ट आहे ना गं?’ मी म्हटलं, पोस्ट शेवटी वाचू. आधी दुसरं पान काढा. पगार कोण देणार त्याचं नाव कुठे लिहिलंय ते बघू.